अपडेटनंतर काळा पडदा: ग्राफिक्स ड्रायव्हर दर वेळी का रुसतो आणि नेमकं कुठे बघायचं

लिनक्सच्या मशीनवर संध्याकाळी अपडेट टाकलं, सकाळी मशीन सुरू केलं. मदरबोर्डचा लोगो येऊन गेला आणि पुढे नुसता काळा पडदा. फार तर डाव्या कोपऱ्यात एक लुकलुकणारी रेघ. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय-विझतोय, म्हणजे मशीन जिवंत आहे. लॉगिन मात्र येत नाही. मग फोनवर शोधाशोध, कुणीतरी दिलेल्या चार आज्ञा, ड्रायव्हर काढणं, पुन्हा टाकणं. सगळं सुरळीत. आणि दोन महिन्यांनी ये रे माझ्या मागल्या.

हे तुमच्याकडे दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा घडत असेल तर पुढचं वाचा. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकल्यावर चालतो हे खरं, पण तो का चालला हे त्यातून कळत नाही. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला असा तो प्रकार असतो. पुन्हा टाकताना मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा तुकडा) नव्या कर्नलसाठी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठी, आपोआप बांधलं जातं, म्हणून मशीन उठतं. ते मुळात अपडेटच्या वेळीच का बांधलं गेलं नाही, हा प्रश्न तसाच राहतो.

(आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

आधी पडदा मिळवा

काहीही उचकटण्याआधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून बघा. अक्षरी लॉगिन आलं तर फक्त ग्राफिकल भाग पडला आहे, आणि पुढचं सगळं तिथूनच करता येतं. नाही आलं तर रीबूट करून ग्रबचा, म्हणजे कुठलं कर्नल उठवायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू उघडा. जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरायचं, यूईएफआयवर सुरुवातीला एस्केप. तिथे 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधीचं कर्नल असतं. ते निवडा.

जुनं कर्नल नीट उठलं तर अर्धं निदान इथेच झालं. कार्ड ठीक आहे, केबल ठीक आहे, तुमच्या सेटिंगला धक्का लागलेला नाही. नवं कर्नल आणि ड्रायव्हर यांची जोडी जमलेली नाही, एवढंच.

जुन्यावरही काळाच पडदा असेल तर ग्रबमधल्या त्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. याचा अर्थ, कर्नलने स्वतः डिस्प्लेचा मोड ठरवू नये, फर्मवेअरने दिलेल्या साध्या पडद्यावर भागवावं. ही कुबडी आहे. कित्येक लोक ती कायमची ठेवतात आणि सहा महिन्यांनी 'लिनक्सवर व्हिडिओ अडखळतो' म्हणून तक्रार करतात. अडखळणारच. कार्ड बाजूला बसलेलं असतं आणि सगळी चित्रं प्रोसेसर काढत असतो.

मग तीन गोष्टी विचारा

टर्मिनल मिळालं की 'युनेम -आर' ने आत्ता कुठलं कर्नल चालू आहे ते कळतं. 'डीकेएमएस स्टेटस' ने ड्रायव्हरचं मॉड्यूल कुठल्या कुठल्या कर्नलसाठी बांधलेलं आहे ते कळतं. आणि 'एलएसपीसीआय -के' च्या यादीत ग्राफिक्स कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का, आणि असली तर तिथे कुणाचं नाव आहे, ते बघायचं. जुन्या कर्नलवरून तपासत असाल तर डीकेएमएसच्या यादीत नव्या कर्नलचा आकडा शोधा, चालू असलेल्याचा नाही. ही चूक घाईत हमखास होते.

चौथी आज्ञा माझी सगळ्यात लाडकी: 'जर्नलसीटीएल -बी -१ -के'. मागच्या, म्हणजे फसलेल्या बूटच्या वेळी कर्नल काय म्हणालं ते यात सगळं येतं. लोक आत्ताच्या बूटचा लॉग चाळत बसतात, आणि आत्ताचा बूट तर यशस्वी झालेला असतो!

मॉड्यूल बांधलंच गेलं नाही

एनव्हिडियाच्या कार्डांवर बहुतेक वेळा घोळ इथेच असतो, म्हणून इथे जरा थांबू.

लिनक्स कर्नलच्या आतली रचना ड्रायव्हरसाठी स्थिर नसते आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यावर लिहिलेलं टिपण कर्नलच्या सोर्ससोबतच मिळतं, आणि त्याच्या नावातच स्थिर एपीआयच्या कल्पनेला 'नॉनसेन्स' म्हटलं आहे. आतलं एखादं फंक्शन बदललं तर बदलणाऱ्यानेच ते वापरणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा तिथला रिवाज. कर्नलच्या घरात राहणाऱ्या ड्रायव्हरला याचा फायदा होतो, कारण दुरुस्ती दुसराच कुणीतरी करून देतो. घराबाहेर राहणाऱ्याला मात्र दर वेळी दारावरचं नवं कुलूप बघून नवी किल्ली घडवावी लागते. एनव्हिडियाचं मॉड्यूल घराबाहेर राहतं.

ही किल्ली आपोआप घडवण्यासाठी डीकेएमएस आहे. ते मूळचं डेल कंपनीचं काम. नवं कर्नल आलं की ते तुमच्याच मशीनवर मॉड्यूल कंपाइल करतं. त्यासाठी त्याला ड्रायव्हरचा सोर्स, त्या कर्नलचे हेडर (कर्नलच्या आतली रचना सांगणाऱ्या फायली) आणि योग्य कंपायलर लागतो. यातलं एक जरी नसलं तरी ते मुकाट्याने हार मानतं. अपडेटच्या शेकडो ओळींत एखादी 'एरर' येऊन जाते, आपण तोवर दुसऱ्या खिडकीत असतो.

हेडर नसणं सगळ्यात साधं. एकदा हाताने विशिष्ट आकड्याचे हेडर टाकले, पण नव्या कर्नलसोबत आपोआप येणारं एकत्रित पॅकेज टाकलंच नाही, की पुढच्या अपडेटला कर्नल येतं आणि हेडर मागे राहतात. ते एकत्रित पॅकेज टाकलं की हे दुखणं कायमचं जातं. दर दोन महिन्यांनी छळणाऱ्या तक्रारींत मला हेच कारण सगळ्यात जास्त वेळा सापडलं आहे.

कंपायलरचं जरा वेगळं. कर्नल ज्या जीसीसीने, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या कंपायलरने, बांधलं, त्याहून जुना जीसीसी तुमच्याकडे असला तर कंपायलर त्याला न कळणाऱ्या पर्यायावर अडून बसतो. उबुंटू २२.०४ वर नवं कर्नल आल्यावर अनेकांना हे भोगावं लागलं. कर्नल जीसीसी १२ ने बांधलेलं आणि सिस्टिमचा नेहमीचा जीसीसी ११. उपाय एका पॅकेजचा, पण चूक वाचल्याशिवाय तो सुचत नाही.

आणि तिसरं, ड्रायव्हरच जुना. कर्नल पुढे गेलं, ड्रायव्हरच्या त्या आवृत्तीला नवं फंक्शन माहीत नाही. लॉगमध्ये 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' किंवा 'हॅज नो मेंबर नेम्ड' असे शब्द दिसले की समजायचं. इथे कितीही वेळा पुन्हा टाका, पहिले पाढे पंचावन्न. एक तर ड्रायव्हरची नवी आवृत्ती, नाहीतर जुनं कर्नल.

या तिन्हीतलं कुठलं, हे 'मेक डॉट लॉग' नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती डीकेएमएसच्या फोल्डरमध्ये, ड्रायव्हरच्या आवृत्तीखाली सापडते. ती वाचताना शेवटची ओळ नको, पहिली 'एरर' शोधा. शेवटी फक्त 'मेक फसलं' एवढंच असतं, आणि लोक मदत मागताना नेमकी तीच ओळ पाठवतात.

फेडोरावर डीकेएमएसच्या जागी बहुधा एकेमॉड्स असतं. ते अपडेट संपल्यानंतरही पार्श्वभूमीवर मॉड्यूल बांधत राहतं. अपडेट संपलं असं दिसताच रीबूट केलं की बांधकाम अर्धवट. मी स्वतः हे दोनदा केलं आहे, आणि दुसऱ्या वेळी तर कारण माहीत असून. 'मॉडइन्फो -के', पुढे नव्या कर्नलचा आकडा, आणि मग '-एफ व्हर्जन एनव्हिडिया' असं विचारावं. आवृत्तीचा आकडा छापला गेला की मगच रीबूट. आर्चवर एलटीएस (दीर्घकाळ सांभाळलं जाणारं) कर्नल वापरत असाल तर मुख्य कर्नलसाठी बांधलेलं पॅकेज त्याला चालत नाही, एलटीएससाठीचं किंवा डीकेएमएसवालं घ्यावं लागतं.

एक फसवं कारण ड्रायव्हरशी संबंधितच नाही: बूटचं पार्टिशन भरलेलं असणं. जुनी कर्नलं साचत जातात, नव्याचा इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल, अर्धाच लिहिला जातो. माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर मी आख्खी दुपार ड्रायव्हरला शिव्या देण्यात घालवली आणि शेवटी 'डीएफ -एच' ने दाखवलं की बूटमध्ये शून्य जागा आहे. तेव्हापासून ही आज्ञा आधी देतो.

मॉड्यूल नसल्यावर सिस्टिमने मुक्त ड्रायव्हर नूव्होवर का जाऊ नये, असं वाटेल. कारण बंद ड्रायव्हरचं पॅकेज बसताना नूव्होला काळ्या यादीत टाकतं. नवा आला नाही, जुन्याला बंदी. कार्डाला वालीच उरत नाही. कधी त्याचा परिणाम काळा पडदा, कधी कमी रिझोल्यूशनवर अडकलेला डेस्कटॉप.

मॉड्यूल आहे, पण लोड होत नाही

'मॉडप्रोब एनव्हिडिया' केल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर आलं तर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड अडवणारी सोय, आडवा आला आहे. तुमच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर सही हवी आणि त्या सहीची किल्ली फर्मवेअरला ओळखीची हवी. 'मॉकयुटिल' ने ती किल्ली नोंदवायला दिली की पुढच्या बूटला एक निळा पडदा येतो. तो थोडेच सेकंद थांबतो. तिथे 'एन्रोल मॉक' निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. तो पडदा निसटला तर मॉकयुटिलपासून पुन्हा सुरुवात. बरेच जण सिक्युअर बूट बंद करा असं सरळ सांगतात. चालतं, पण दोन मिनिटांत किल्ली नोंदवता येत असताना एक सुरक्षा कायमची काढून टाकणं मला पटत नाही. उबुंटूवर आणखी सोपी वाट आहे: आधीच बांधलेली, सही केलेली मॉड्यूल पॅकेजं. ती मिळत असतील तर डीकेएमएसची भानगडच नको.

ड्रायव्हरची माहिती देणारी 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा म्हणत असेल की ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही, तर घाबरू नका. अपडेटने लायब्ररी बदलली, मेमरीत मॉड्यूल जुनंच आहे. रीबूट करा. रीबूटनंतरही तेच असेल तर मात्र मशीनवर दोन ड्रायव्हर नांदताहेत: एक डिस्ट्रोच्या (उबुंटू, फेडोरा अशा तुमच्या लिनक्सच्या) पॅकेजमधून आलेला, दुसरा संकेतस्थळावरून उतरवलेल्या 'रन' फाइलमधून. ही रन फाइल पॅकेज मॅनेजरला न विचारता फायली टाकते, त्यामुळे पुढच्या अपडेटला कुणी कुणाचं काय पुसलं याचा हिशोब लागत नाही. तीच फाइल 'अनइन्स्टॉल' पर्याय देऊन चालवा, मग डिस्ट्रोचं पॅकेज टाका. माझं मत सरळ आहे: ठोस कारण नसेल तर रन फाइल वापरू नका.

कार्डच मागे राहिलं

एनव्हिडिया जुन्या कार्डांचा आधार शाखेशाखेने थांबवते. फर्मी पिढीसाठी शेवटची शाखा ३९०, केप्लरसाठी ४७०, आणि मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा यांच्यासाठी ५८०. डिस्ट्रोने अपडेटमध्ये पुढची शाखा दिली की तुमचं धडधाकट कार्ड रातोरात 'जुनं' होतं. लॉगमध्ये तसं लिहिलेलंही असतं, अमुक शाखेचा लेगसी ड्रायव्हर वापरा म्हणून. अशा वेळी त्या शाखेचं पॅकेज टाका आणि ते आपोआप बदलणार नाही असं अडकवून ठेवा. ३९० किंवा ४७० वर असाल तर वेलँडचा, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या नव्या पद्धतीचा, हट्ट सोडा. वेलँडला लागणारा जीबीएमचा आधार ४९५ मध्ये, २०२१ साली आला, आणि एक्सवेलँडमधली (वेलँडवर जुने प्रोग्राम चालवणाऱ्या भागातली) लुकलुक घालवणारं एक्स्प्लिसिट सिंक ५५५ मध्ये, २०२४ साली. जुन्या एक्स११ वर राहिलेलं बरं.

उलटी चूकही होते. मे २०२२ मध्ये, ५१५ शाखेपासून, एनव्हिडियाने आपली कर्नल मॉड्यूल मुक्त परवान्याखाली खुली केली. पण ती ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांनाच चालतात, कारण बरंचसं काम कार्डावरच्या जीएसपी नावाच्या छोट्या प्रोसेसरकडे सोपवलेलं आहे आणि तो जुन्या कार्डांत नाहीच. ब्लॅकवेल पिढीला तर बंद मॉड्यूल चालतच नाही, फक्त खुलं. म्हणजे पास्कलवर खुलं टाकलं तरी काळा पडदा, ब्लॅकवेलवर बंद टाकलं तरी काळा पडदा. पॅकेजच्या नावात 'ओपन' आहे की नाही, एवढ्यावर सगळं अवलंबून. आणि 'खुलं' म्हणताना एक ध्यानात ठेवा: खुलं झालं ते कर्नलमधलं मॉड्यूल. ओपनजीएल आणि व्हल्कन चालवणारा वरचा भाग आणि जीएसपीचं फर्मवेअर अजून बंदच आहे.

नूव्होची कहाणी मात्र वाईट वाटायला लावणारी आहे. कंपनीच्या मदतीशिवाय, कार्डाचं वागणं निरखून लिहिलेला हा ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नल २.६.३३ सोबत आत आला. मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१४ नंतर, एनव्हिडियाने फर्मवेअरवर स्वतःची सही सक्तीची केली, आणि नूव्होला कार्डाचा वेगच वाढवता येईना. चित्र दिसायचं, पण कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकलेलं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं ते २०१२ चं, या सक्तीच्याही आधीचं. आता जीएसपीमुळे ट्युरिंगपासून पुढे वाट मोकळी झाली आहे. मेसामधला (मेसा म्हणजे कर्नलच्या वरचा मुक्त ग्राफिक्स भाग) व्हल्कन ड्रायव्हर एनव्हीके रोजच्या वापराला पुरेसा झाला आहे, आणि रस्ट भाषेतला नवा कर्नल ड्रायव्हर नोव्हा २०२५ मध्ये कर्नल ६.१५ पासून आकार घेऊ लागला. नोव्हावर आज कामाचं मशीन टाकू नका. पण ट्युरिंग किंवा नंतरचं कार्ड असेल आणि रोजचं काम हलकं असेल, तर नूव्हो-एनव्हीके जोडी जरूर करून बघा. ती कर्नलच्या घरात राहते, त्यामुळे वरचं किल्लीपुराण तिला लागू नाही.

एएमडी आणि इंटेलवाल्यांचं दुखणं वेगळं

यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. एएमडीजीपीयू २०१५ मध्ये कर्नल ४.२ पासून आहे. मॉड्यूल बांधणं नाही, सहीचा प्रश्न नाही. म्हणून 'एएमडी घ्या, सुटलात' असं सांगितलं जातं. बऱ्याच अंशी खरं, पण एएमडीचं सोवळेपण अलीकडचं आहे. एफजीएलआरएक्स नावाच्या तिच्या बंद ड्रायव्हरनेही एके काळी दर कर्नलला हेच हाल केले होते. उबुंटूने तो २०१६ मध्ये, १६.०४ ला काढून टाकला.

इथे पडदा काळा होतो तो बहुधा फर्मवेअरमुळे. कार्ड नवं आणि डिस्ट्रो त्या कार्डाच्या आधीची, किंवा कर्नल हाताने नवं टाकलं आणि 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज जुनंच राहिलं. लॉगमध्ये 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' आणि पुढे 'फेल्ड विथ एरर -२' दिसतं. वजा दोन म्हणजे फाइलच नाही. डेबियनवर जुन्या इन्स्टॉलरने बसवलेल्या मशीनवर हे खास दिसतं. मुक्त नसलेलं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं हे डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं.

पडदा आहे पण सगळं मंद? 'जीएलएक्सइन्फो -बी' द्या. रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर चित्रं प्रोसेसर काढतोय. कर्नलने कार्ड ओळखलं असेल तर मेसा जुनी आहे, नाहीतर नोमोडसेटची कुबडी अजून काखेत आहे.

लॅपटॉपचा पडदा मधूनच थरथरत किंवा गोठत असेल तर वीज वाचवणारी पॅनेल सेल्फ रिफ्रेश ही सोय तपासून बघा. इंटेलवर 'आय९१५ डॉट इनेबल_पीएसआर=०', एएमडीवर 'एएमडीजीपीयू डॉट डीसीडीबगमास्क=०एक्स१०', दोन्ही कर्नलच्या ओळीत. थरथर थांबली तर कारण सापडलं. बॅटरी थोडी जास्त जाईल. पुढच्या दोन-तीन कर्नलनंतर तो पर्याय काढून पुन्हा तपासा.

एएमडीवर 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' येऊन सगळं गोठत असेल तर गोष्ट चिवट आहे. कारण कर्नलमध्ये असेल, मेसामध्ये असेल, किंवा वीजपुरवठ्यात. एका वेळी एकच गोष्ट मागे न्या. आधी कर्नल, मग मेसा. दोन्ही एकदम बदलले तर सुटलेल्या दुखण्याचं कारणही हातातून सुटतं.

लिनक्स सोडून बीएसडी या वेगळ्या सिस्टिम वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. फ्रीबीएसडीचं डीआरएम-केमॉड लिनक्सचाच ड्रायव्हर आणतं, पण ते बेस सिस्टिमच्या कर्नलशी जुळावं लागतं. पोटआवृत्ती बदलल्यावर पडदा गेला तर ते पोर्ट्समधून पुन्हा बांधा. ओपनबीएसडी तोच कोड स्वतःच्या कर्नलमध्ये घेते, म्हणून तिथे एएमडी-इंटेल निवांत असतात. एनव्हिडियाचं ग्राफिक्स तिथे विसरा.

तक्रार कुठे करायची

बंद मॉड्यूल लोड झालं की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' असा शिक्का मारतं. तसा लॉग कर्नलच्या लोकांकडे नेलात तर आधी ते मॉड्यूल काढून दाखवा म्हणतील, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या कोडमध्ये त्यांना डोकावता येत नाही. एनव्हिडियासाठी ड्रायव्हरसोबत 'एनव्हिडिया-बग-रिपोर्ट' ही स्क्रिप्ट येते, तिने तयार केलेली फाइल कंपनीकडे द्यावी. एएमडी, इंटेल आणि मेसाच्या तक्रारी फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर जातात. तिथे नेमक्या कुठल्या कर्नलपासून बिघडलं हे सांगितलंत तर उत्तर लवकर येतं. 'गिट बायसेक्ट' करून (आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत तपासून) बिघाड करणारा बदलच दाखवलात तर कधी कधी त्याच आठवड्यात पॅच हातात पडतो. बंद ड्रायव्हरबाबत हे जमत नाही. तिथे फाइल पाठवायची आणि पुढच्या आवृत्तीची वाट बघायची.

पुढच्या अपडेटच्या आधी

मुख्य कर्नलसोबत एलटीएस कर्नलही बसवून ठेवा. डीकेएमएस दोन्हींसाठी मॉड्यूल बांधेल, आणि एक रुसलं तर ग्रबमध्ये दुसरं हजर असेल. अपडेट संपल्यावर रीबूटचं बटण दाबण्याआधी बूटच्या पार्टिशनमध्ये जागा आहे का ते बघा, आणि 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये नव्या कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' लिहिलेलं आहे का तेही. नुसतं 'अॅडेड' असेल तर 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के' आणि पुढे नव्या कर्नलचा आकडा. या वेळी पडद्यावरच्या ओळी वाचा, दुसऱ्या खिडकीत जाऊ नका. चूक आली तर रीबूट करू नका. चालू कर्नलवर सगळं व्यवस्थित चालतंय, दिसणाऱ्या पडद्यावर बसून मेक डॉट लॉग उघडा.